‘आवर लवकर!’ न म्हणता: मुलांना वेळ पाळायला शिकवण्याची एक पद्धत

सकाळी साडेसहा-पावणेसातच्या सुमारास कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात उभं राहा. ‘आवर लवकर’, ‘व्हॅन आली खाली’, ‘अजून मोजेच घालतोयस?’, ‘रोजचंच आहे तुझं’. सगळ्या घरांतून तोच संवाद, फक्त नावं वेगळी. या गडबडीत घाई नसते ती एकट्या मुलालाच. त्याला अनुभवानं कळलेलं असतं की आईच्या पहिल्या तीन हाकांना अर्थ नाही. चौथी हाक वरच्या पट्टीत लागली की मगच खरं निघायचं असतं.

म्हणजे मुलाचं घड्याळ आपण झालेलो असतो. ते आपल्याकडे बघून चालतं, भिंतीकडे बघून नाही. शाळेत आल्यावर हेच मूल ‘बाई, किती वेळ राहिला?’ असं पेपर चालू असताना चारदा विचारतं, समोर मोठं घड्याळ टांगलेलं असूनही. वेळ पाळणं हा संस्कारांचा विषय आहे असं आपण म्हणतो, पण वर्गात इतकी वर्षं उशिरा येणारी मुलं बघून मला तो जास्त करून हिशेबाचा विषय वाटतो. संस्कार चांगले असलेली मुलंही उशिरा येतात, कारण आंघोळीला किती मिनिटं लागतात हे त्यांना ठाऊक नसतं. हिशेब शिकवता येतो, फक्त तो एका उपदेशात शिकवून होत नाही. खाली ज्या क्रमानं सांगितलंय त्या क्रमानं करून बघा, पायऱ्या गाळू नका. विशेषतः पहिली.

आधी आठवडाभर फक्त नोंद

लगेच काही बदलायला जाऊ नका. एक आठवडा ओरडा बंद आणि नोंद सुरू. फ्रिजवर एक कागद, दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल, एवढं पुरे. उठवायला सुरुवात कधी केली, मूल खरंच कधी उठलं, मग कशाला किती मिनिटं लागली, हे जमेल तसं टिपायचं. त्या आठवड्यात उशीर झाला तर होऊ द्या.

चौथीतल्या एका मुलीच्या आईनं अशी नोंद करून मला दाखवली होती. तिची रिक्षा सातला यायची. कागदावर होतं: उठवायला सुरुवात ५.५५, उठली ६.१२. दात ६ मिनिटं. बाथरूमबाहेर थांबली ८ मिनिटं, बाबा आत. आंघोळ ७. कपडे ४. वेणी ९, त्यातली ४ रिबीन शोधण्यात. दूध-पोळी १४. आज चित्रकलेची वही न्यायची हे आठवून ती शोधली ५. बूट २. दाराबाहेर ७.०७.

आईची तक्रार काय होती? ‘ही आंघोळीला फार वेळ लावते.’ कागद म्हणत होता सात मिनिटं, जी कुणालाही लागतात. चौतीस मिनिटं मात्र उठवण्यात, थांबण्यात आणि शोधण्यात गेली होती. त्यातली आठ तर बाबांच्या खात्यावर. हा कागद बघितल्यावर आईचा आवाज आपोआप खाली आला आणि बाबांची दाढी साडेसातनंतर गेली. मुलीला अजून कुणी एक शब्दही बोललं नव्हतं.

नोंदीचा उपयोग तोच. उशीर नेमका कुठे आहे ते दिसतं, आणि बहुतेक घरांत तो आपण समजतो तिथे नसतो.

वय बघून अपेक्षा ठेवा

पाच वर्षांखालच्या मुलाला ‘पाच मिनिटांत निघायचंय’ हे वाक्य कळत नाही. लहान मुलांना कालावधी कसा समजतो याचा अभ्यास स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी केला होता. त्यांना असं दिसलं की दोन खेळणी एकाच वेळी निघून एकाच वेळी थांबली, तरी जे लांब गेलं ते ‘जास्त वेळ’ चाललं असं लहान मूल सांगतं. त्याच्या डोक्यात अंतर, वेग आणि वेळ अजून एकमेकांत गुंतलेले असतात. या वयात घड्याळ नको, क्रम द्या: आधी शू, मग दात, मग दूध, मग बूट. चार चित्रं काढून दाराच्या मागे मुलाच्या उंचीवर चिकटवा. ‘मम्मं झाली की बूट’ हे त्याला कळतं, ‘सव्वाआठला बूट’ कळत नाही.

सहा ते आठ हे घड्याळ वाचायचं वय. नऊ ते बारा हे खरं शिकवायचं वय, या लेखातला बहुतेक भाग त्याच मुलांसाठी आहे. तेराच्या पुढे नियोजन त्यांचं, आपण फक्त विचारल्यावर सांगायचं. त्यांचं शरीरही वेगळं वागू लागतं, त्याबद्दल पुढे.

काट्यांचं घड्याळ आणि एक फुटकी वाटी

घरात मुलाला दिसेल असं एक तरी काट्यांचं घड्याळ लावा. मोबाइलवरचे आकडे आत्ता किती वाजले ते सांगतात, पण किती उरलंय ते दाखवत नाहीत. काट्यांमध्ये उरलेली वेळ डोळ्यांना दिसते. मोठा काटा सहावरून नऊवर जाईपर्यंत एवढी जागा आहे, हे सात वर्षांच्या मुलालाही बोट ठेवून दाखवता येतं. मी तर काचेवर धुऊन निघणाऱ्या स्केचपेननं रंगवायला सांगते: दूध संपवायचा तुकडा पिवळा, बूट घालायचा हिरवा.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या घरी एक अडचण हमखास येते. आजी म्हणते पावणेआठला निघू, नातू आठनंतर तयार होतो आणि दोघंही एकमेकांवर चिडतात. सव्वा, साडे, पावणे मुद्दाम काट्यांवर दाखवून पक्के करून घ्या. दीड-अडीचचा गोंधळ तर सातवीतही सापडतो.

वर्गात किंवा सुट्टीत घरी करता येईल असा एक प्रयोग सांगते, कारण मुलं यात खरोखर रमतात. आपल्याकडे पूर्वी घटिकापात्रानं वेळ मोजत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यानं भरलेल्या मोठ्या भांड्यात सोडायची. पाणी हळूहळू आत शिरतं आणि एका घटकेनं, म्हणजे २४ मिनिटांनी, वाटी बुडते. दिवसाच्या साठ घटका, एका घटकेची साठ पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. लग्नाच्या मुहूर्ताला हेच पात्र मांडलं जायचं. (आज पत्रिकेवर १२ वाजून ३६ मिनिटं छापतात आणि अक्षता एकला पडतात, तो भाग वेगळा.)

मुलांना स्टीलची वाटी देऊ नका, भोक पाडणं जमत नाही. श्रीखंडाचा किंवा दह्याचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तळाला गरम सुईनं भोक तुम्ही पाडा. डबा तरंगताना कलंडतो, म्हणून आत तळाशी दोन-तीन नाणी चिकटवा. बादलीत सोडा आणि मोजा. पहिल्यांदा तो दोन-तीन मिनिटांतच बुडेल, कारण भोक मोठं झालेलं असतं. मेणबत्तीच्या मेणानं बुजवून पुन्हा बारीक सुईनं पाडायचं. ‘बरोब्बर दहा मिनिटांचा डबा’ तयार करायला गट पाडून दिले की दोन तास कसे जातात ते कळत नाही. दहा मिनिटं म्हणजे केवढी, हे या मुलांना नंतर कधी सांगावं लागत नाही, कारण ती त्यांनी बादलीशेजारी बसून पाहिलेली असतात.

मोठ्या वर्गांना आणखी एक गोष्ट सांगा. आपण सगळे वापरतो ती भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. त्याआधी मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि शहरात काही ठिकाणी ती पुढे १९५५ पर्यंत टिकली. ‘साडेदहा वाजले’ हे सूर्यानं नव्हे तर माणसांनी आपसांत ठरवलेलं असतं, आणि ठरवलेलं मोडलं की समोरचा खोळंबतो. नववी-दहावीच्या मुलांना हे पटतं. शिस्तीचं महत्त्व या विषयावरचं भाषण पटत नाही.

अंदाज बांधा, मग मोजा

वेळ चुकण्याचं मुख्य कारण आळस नाही, चुकलेला अंदाज आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीला नाव दिलं, तेव्हापासून तिच्यावर पुष्कळ काम झालंय: एखादं काम आधी किती लांबलं होतं हे माहीत असूनही माणूस पुढच्या वेळी ते लवकर होईल असंच धरून चालतो. मोठी माणसंही यातून सुटत नाहीत. ‘निघालोच, पाच मिनिटांत पोचतो’ हे आपण टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत फोनवर सांगतोच की.

मुलांबरोबर याचा खेळ करा. काम सुरू करण्याआधी मुलानं आकडा सांगायचा: गणिताची दहा उदाहरणं, पंधरा मिनिटं. मग मोजायचं. वहीत दोन रकाने, ‘वाटलं’ आणि ‘लागलं’. चूक किंवा बरोबर म्हणायचं नाही, बक्षीस द्यायचं नाही. दप्तर भरणं, दुकानातून दही आणणं, निबंध लिहिणं, खोली आवरणं, काहीही चालतं. आठवडाभरात मुलाला आपला स्वभाव दिसतो. काही मुलं प्रत्येक गोष्ट निम्म्या वेळात होईल म्हणतात. त्यांना एवढंच सांगायचं: ‘तुझं दहा म्हणजे वीस, मग वीसच धर.’ माझ्या वर्गातली मुलं यावरून एकमेकांना चिडवतात, ते मी चालू देते.

उलटी मोजणी

हा सगळ्या पद्धतीचा कणा आहे, म्हणून आकडे घालूनच दाखवते. पाचवीतला मुलगा, शाळेची घंटा ७.२०.

शेवटापासून मागे यायचं. परिपाठाच्या रांगेत उभं राहायला दप्तर ठेवून, पाणी पिऊन दहा मिनिटं हवीत, म्हणजे फाटकात ७.१०. रस्ता पंधरा मिनिटांचा, म्हणजे घरातून ६.५५. बूट, बाटली, ओळखपत्र पाच मिनिटं, ६.५०. खाणं पंधरा मिनिटं, ६.३५. कपडे आणि केस दहा, ६.२५. आंघोळ दहा, ६.१५. दात आणि संडास पंधरा, ६.००. अंथरुणात लोळणं पाच, आणि ते धरायचंच, कारण ते होणारच आहे: ५.५५.

इथे थांबू नका, अजून मागे जा. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठरा वयाच्या मुलांना ८ ते १०. कमीत कमी नऊ धरले तरी हा मुलगा रात्री ८.५५ ला झोपलेला हवा. आणि आपल्याकडे नऊला तर कुकरची शिट्टी होते. बाबा साडेनऊला येणार, दहाला जेवण, मालिका संपल्यावर अंथरुणं. मग सकाळी मूल ‘आळशी’ ठरतं. ही मोजणी मुलाला शिकवण्याच्या निमित्तानं घरातल्या मोठ्यांना जास्त शिकवते. मुलाला साडेसातला वेगळं जेवायला वाढणं जमलं तरी निम्मी लढाई जिंकली.

राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला तो याच झोपेच्या मुद्द्यावर. प्रत्यक्षात दोन सत्रांच्या इमारती, बसच्या फेऱ्या, पालकांच्या नोकऱ्या यांचा मेळ सगळ्या शाळांना घालता येतो असं नाही. तुमच्या मुलाची शाळा सकाळची असेल तर ही मोजणी आणखी काटेकोर करावी लागेल.

मोजणी मुलाच्या हातानं लिहून घ्या. तुम्ही टाइप करून छापून लावलेलं सुंदर वेळापत्रक आठ दिवसांत भिंतीचा भाग होऊन जातं. मुलानं खाडाखोड करून लिहिलेलं टिकतं. जमलं की प्रवासावर करायला द्या: पुण्याहून डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला सुटते, आपल्याला तिनं मुंबईला मावशीकडे जायचंय, तर गजर कितीचा? रिक्षा मिळायला लागणारा वेळ धरला का? जिना चढून फलाटावर जायचा? सहावीतल्या मुलाच्या हाती असा एक प्रवास खरोखरचा सोपवा आणि त्याच्या हिशेबानंच निघा.

रात्रीची पंधरा मिनिटं

वरच्या नोंदीत शोधाशोध किती होती ते पाहिलंत. ती सगळी रात्री उरकते. दप्तर वेळापत्रकाप्रमाणे भरून दाराजवळ. गणवेश, त्याबरोबर मोजे, पट्टा, रिबीन एका खुर्चीवर. बाटली ओट्यावर. ‘उद्या काही न्यायचंय का?’ हा प्रश्न रात्री आठला विचारायचा; रात्री दहाला ‘उद्या चार्ट पेपर हवाय’ असं ऐकू येणं कुणाला नवीन नाही, पण आठला कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान उघडं असतं. सही घ्यायची डायरी दप्तरात जाण्याआधी टेबलावर आलीच पाहिजे.

सुरुवातीला बरोबर बसा, मग नुसतं विचारा, मग विचारणंही सोडा. दप्तर तुम्ही भरून दिलंत तर वही राहिल्याचा राग तुमच्यावर निघणार, हे लक्षात ठेवा.

तीन घंटा

नाटकाची तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो, कुणासाठी थांबत नाही. हीच रीत मी घरांना सुचवते. पहिली घंटा निघायच्या दहा मिनिटं आधी: खाणं संपत आलेलं असावं. दुसरी पाच मिनिटं आधी: बूट, बाटली, दप्तर. तिसरी: दार उघडलं, आपण बाहेर.

घंटा मुलानं स्वतः लावलेल्या गजराची असावी. जुना मोबाइल, स्वयंपाकघरातला टायमर, काहीही चालेल. एका घरी धाकट्या बहिणीला देवघरातली घंटा वाजवायचं काम मिळालं आणि तिच्यामुळे दादा वेळेवर तयार होऊ लागला. (आजीची परवानगी आधी घ्या.) अट एकच: तीन घंटांव्यतिरिक्त घरातून एकही हाक नाही. पहिले चार दिवस हे पालकांना फार जड जातं. जीभ चावून गप्प बसा.

उशीर झालाच तर

होणार. पद्धत सुरू केली की पहिल्या पंधरवड्यात व्हॅन नक्की एकदा चुकते. त्याची तयारी आधीच करा: व्हॅनकाकांना सांगून ठेवा की दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, हॉर्न वाजवत बसू नका. व्हॅन गेली तर मुलाला शांतपणे शाळेत सोडा. लहान मुलाला एकटं पाठवायचं नाही, हे सांगायला नको. वाटेत व्याख्यान नको. पण उशीर का झाला हे वर्गशिक्षकांना मुलानंच सांगायचं. ‘पोटात दुखत होतं’ अशी चिठ्ठी लिहून देऊ नका. चिठ्ठी देणारे पालक प्रेमापोटी देतात, हे मी जाणते. पण त्या चिठ्ठीतून मूल शिकतं की वेळ चुकली की कारण तयार करायचं असतं.

संध्याकाळी, राग निवल्यावर, दोनच प्रश्न: कुठे अडकलं? उद्या त्यातलं काय आज रात्री उरकता येईल? उत्तर मुलाचं असू द्या, वेडंवाकडं असलं तरी.

दंडाचं काय? इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांमध्ये केलेला एक प्रयोग या बाबतीत सांगण्यासारखा आहे. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांनी दहा मिनिटांहून जास्त उशिराला दहा शेकेल दंड लावला. उशिरा येणारे वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. बाईंना थांबवून ठेवल्याची जी टोचणी होती ती गेली. आता पैसे भरून थोडा वेळ विकत मिळत होता. दंड काढून टाकल्यावरही संख्या खाली आली नाही. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी हा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. उशिराला पाच रुपये, खाऊचे पैसे कापणं, असल्या योजना घरात किंवा वर्गात करण्याआधी हे आठवा. मला त्या कधीच उपयोगी पडलेल्या दिसल्या नाहीत.

शिक्षकांसाठी

उशिरा येणाऱ्याला बाहेर उन्हात उभं करणं, उठाबशा काढायला लावणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं बंदच आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब चुकतो: पाच मिनिटं उशीर झाला म्हणून मुलाचा पस्तीस मिनिटांचा तास बुडवायचा? त्याला आत येऊ द्या, मागच्या दारानं, न बोलता. पण त्याच्यासाठी धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. वेळेवर आलेल्या चाळीस मुलांना त्यातून ‘वेळेवर येऊन उपयोग नाही’ हे कळतं.

तासाची पहिली पाच मिनिटं चुकवाविशी वाटणार नाहीत अशी करा. हजेरी त्यात घालवू नका. फळ्यावर एक कोडं, कालच्या बातमीवरचा एक प्रश्न, प्रयोगाचं साहित्य टेबलावर मांडलेलं. मी मराठीच्या तासाला आधीच्या दिवशी अर्धवट सोडलेली गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत पूर्ण करायचे आणि पुन्हा सांगायचे नाही. आठवीचा वर्ग घंटेआधी बाकांवर बसलेला असायचा. आणि घंटा झाली की तास सोडा. ‘एवढं एकच उदाहरण’ म्हणून मधली सुट्टी खाणारा शिक्षक वेळेबद्दल काहीही बोलला तरी मुलं मनातल्या मनात हसतात.

प्रकल्पाच्या बाबतीत शेवटची तारीख एकच देऊन मोकळं होऊ नका. सातवीच्या मुलाला वीस दिवसांनंतरची तारीख दिसत नाही. विषय ठरवणं, माहिती जमवणं, कच्चं लिखाण, पक्कं, असे चार टप्पे आणि प्रत्येकाची तारीख घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलानं स्वतः लिहायची, दुधाच्या हिशेबाशेजारी.

उशिराची नोंदवही मात्र ठेवा, शिक्षेसाठी नाही, वाचण्यासाठी. एक मुलगा माझ्या वर्गात फक्त गुरुवारी उशिरा यायचा. गुरुवारी पहिला तास इंग्रजीचा, आणि त्यात एकेकाला उभं करून मोठ्यानं वाचायला सांगत. तो अडखळायचा, मुलं हसायची. त्याला कुठलं घड्याळ शिकवणार? वाचनाची पद्धत बदलल्यावर त्याचा गुरुवार सुटला. खेड्यातल्या शाळेत कारणं आणखी वेगळी. एसटी चाळीस मिनिटं उशिरा आली तर मुलाचा दोष नाही. सरकारच्या मानव विकास मिशनच्या निळ्या बसनं येणाऱ्या मुलींची वेळ बस ठरवते. पाणी भरून, धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून येणारी मुलगी दहा मिनिटं उशिरा पोचते तेव्हा ती वर्गातल्या बहुतेकांपेक्षा जास्त काटेकोर असते. तिच्या आईशी बोला, जमलं तर तिची हजेरी शेवटी घ्या.

कामात गुंगून दुसरं सगळं विसरणं, सूचना अर्ध्यात सुटणं, वस्तू सतत हरवणं हे उशिराबरोबर घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसत असेल, तर लक्ष केंद्रित करण्यातली अडचण असू शकते. अशा मुलांना वेळ सरकल्याची जाणीवच कमी असते. तिथे घंटा आणि रकाने मदत करतात, पण समुपदेशकांना किंवा बालरोगतज्ज्ञांना दाखवणं टाळू नका.

दहावी-बारावीची मुलं

किशोरवयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं. त्यामुळे अकराला झोप न येणं हा सगळा मोबाइलचा दोष नाही, पण मोबाइल ते आणखी पुढे ढकलतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असं याचसाठी सुचवलं. सकाळी सहाचा क्लास लावताना याचा विचार करा. फोन रात्री खोलीबाहेर चार्जिंगला आणि गजराला वेगळं घड्याळ, एवढं ठरलं तरी फरक पडतो.

या वयात वेळ चुकली तर किंमत मोठी असते. बोर्डाचा अकराचा पेपर म्हणजे साडेदहाला केंद्रावर. नीटचा पेपर दोनला असला तरी फाटक दीडला बंद होतं आणि मग कुणाच्या रडण्यानं उघडत नाही. म्हणून परीक्षेच्या आधी एक रंगीत तालीम करा. पेपर सोमवारी असेल तर शनिवारी, त्याच वेळेला, ज्या वाहनानं जाणार त्याच वाहनानं केंद्रापर्यंत जाऊन या. रविवारी नको, त्या दिवशी रस्ता मोकळा असतो आणि हिशेब फसतो. आठवडी बाजार, रेल्वेचं फाटक, शाळा सुटायची गर्दी, सगळं टिपून घ्यायचं. लागलेल्या वेळेवर अर्धा तास वाढवायचा. पालक गाडी चालवतील, पण कितीला निघायचं ते मुलानं सांगायचं.

क्लासला, मित्राच्या वाढदिवसाला, सरावाला निघतानाही तोच नियम: वेळ ती किंवा तो सांगेल, आपण तयार राहू. आणि आपण ‘आलोच’ म्हणून त्यांना क्लासच्या दारात वीस मिनिटं उभं केलं तर आल्यावर माफी मागायची, ‘ट्रॅफिक होता’ एवढ्यावर भागवायचं नाही.

सुट्टीनंतर

जमलेलं सगळं दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत विस्कटतं. रात्री साडेअकराला भुईचक्र, सकाळी दहाला उठणं. ते तसंच असू द्या, सुट्टी आहे. शाळा सुरू व्हायच्या आठ दिवस आधी झोपण्याची वेळ रोज पंधरा मिनिटांनी मागे आणायला लागा. दोन तास भरून निघतात. शेवटच्या दोन दिवशी गणवेश बाहेर काढून घालून बघा, जूनमध्ये तर पँट हमखास आखूड झालेली असते आणि ती पहिल्या दिवशी सकाळी पावणेसातला कळते. मोजे जोडीनं आहेत का, बाटलीचं झाकण गळतं का, व्हॅनची वेळ बदलली का, फोन करून विचारा. रस्ता पावसात दहा मिनिटं जास्त खातो, रेनकोट घालायला तीन मिनिटं लागतात. उलटी मोजणी नव्यानं लिहायला मुलाच्या हाती पेन्सिल द्या, जुना कागद शेजारी ठेवून.